आकाशाला साक्षीदार मानणारे शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

दरवर्षी डिसेंबरच्या १३ आणि १४ तारखेच्या रात्री मिथुन राशीतून उल्कांचा वर्षाव होतो. अंधाऱ्या आणि निरभ्र आकाशाखाली ताशी शंभराच्या आसपास उल्का मोजता येतात. बंगळुरूच्या चामराजपेट भागातील एखाद्या गच्चीवर उभ्या राहिलेल्या माणसाच्या वाट्याला मात्र त्यांपैकी मोजक्याच, अतिशय तेजस्वी अशा उल्का येतात. बाकीच्या शहराच्या उजेडात विरून जातात. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांच्या नावाने ही वसाहत वसली ती १८९२ साली. त्या वेळी बंगळुरूत विजेचे दिवे नव्हते. शेजारच्या बाजारपेठेच्या परिसरात रस्त्यावर विजेचा दिवा लागला तो १९०५ साली. त्यापूर्वी या पेठेतील रहिवाशांना आकाशगंगा पाहण्यासाठी गावाबाहेर जावे लागत नसे, अंगणात येणे पुरेसे होते.

ज्या वर्षी चामराजपेट वसले, त्याच १८९२ साली मराठीत एक छोटेखानी पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज. त्याचे लेखक धुळ्याच्या ट्रेनिंग शाळेतील एक शिक्षक होते, शंकर बाळकृष्ण दीक्षित. त्यांच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती आणि त्यांच्या हाताशी वेधशाळाही नव्हती. तरीही भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिणाऱ्या प्रत्येकाला आजही त्यांच्या ग्रंथापाशी यावेच लागते.

पुस्तकाच्या उपशीर्षकातील दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे. अंधारात आल्यावर डोळे पुरते सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात, हे उल्का पाहणाऱ्या प्रत्येकाला अनुभवाने ठाऊक असते. म्हणजे पहिली घटका डोळ्यांची आणि दुसरी आकाशाची, असा हिशेब आपोआपच जुळतो.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली कोकणात, दापोली तालुक्यातील मुरूड येथे झाला. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे सर्वज्ञात झालेले हेच ते मुरूड. १८७० ते १८७३ या काळात दीक्षितांनी पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापनाचे शिक्षण घेतले. त्यानंतरचे सारे आयुष्य शाळाखात्याच्या नोकरीत आणि बदल्यांत गेले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुणे, असा त्यांचा प्रवास झाला. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी विद्यार्थिबुद्धिवर्धिनी हे पुस्तक १८७६ साली लिहिले. सृष्टीतील चमत्कारांवरील त्यांचे पुस्तक १८८२ साली आले. शाळामास्तराने शाळेच्या उपयोगाची पुस्तके लिहावीत, यात त्या काळी नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नवल पुढे आहे.

ताऱ्यांचा पाऊस पडला ते दिवस

दीक्षितांची पिढी आकाशाच्या दृष्टीने भाग्यवान होती. उल्का म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर याच पिढीच्या डोळ्यांदेखत सापडत गेले.

त्यापूर्वीचे उत्तर निराळे होते. वराहमिहिराने बृहत्संहितेत उल्कांना स्वतंत्र अध्याय दिला असून त्यांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. आकार, रंग आणि पडण्याची दिशा यांचे त्यातील वर्णन बारकाव्याचे आहे. परंतु हे सारे निरीक्षण शेवटी राजाला, राज्याला आणि प्रजेला मिळणाऱ्या शुभाशुभ फळाकडे वळते. गावोगावी तर तारा तुटला की कोणी थोर माणूस गेला, असे समजण्याची रीत होती.

१८६६ साली इटलीतील ज्योतिर्विद स्कियापारेल्ली यांनी ऑगस्टमधील उल्कावर्षाव आणि १८६२ साली दिसलेला एक धूमकेतू यांच्या कक्षा एकच असल्याचे दाखवून दिले. धूमकेतू सूर्याभोवती फिरताना मागे धूळ सांडत जातो. पृथ्वी त्या धुळीच्या पट्ट्यातून गेली की वाळूच्या दाण्याएवढे कण प्रचंड वेगाने वातावरणात शिरतात आणि जमिनीपासून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर पेट घेतात. हे कण आकाशात समांतर मार्गांनी येत असले, तरी रेल्वेचे रूळ जसे दूरवर एका ठिकाणी मिळाल्यासारखे दिसतात, तसे तेही एकाच बिंदूतून फाकल्यासारखे दिसतात. तो बिंदू ज्या राशीत वा तारकासमूहात असेल, त्याचे नाव वर्षावाला मिळते.

या सिद्धांताचा सर्वांत नाट्यमय पुरावा बिएला नावाच्या धूमकेतूने दिला. १८४६ साली तो लोकांच्या डोळ्यांदेखत दुभंगला. १८५२ साली त्याचे दोन तुकडे परत आले आणि त्यानंतर तो कधीच दिसला नाही. २७ नोव्हेंबर १८७२ रोजी पृथ्वी त्याच्या कक्षेजवळून गेली, तेव्हा देवयानी तारकासमूहातून उल्कांची अक्षरशः झड लागली. त्यावरून जर्मनीतील ज्योतिर्विद क्लिंकरफ्युस यांना वाटले की हरवलेला धूमकेतूच पृथ्वीजवळून गेला असावा आणि आता तो दक्षिणेकडील आकाशात शोधला पाहिजे. त्यांनी तार केली ती मद्रासच्या वेधशाळेला. तेथील प्रमुख नॉर्मन पॉगसन यांना २ आणि ३ डिसेंबर रोजी धूसर तेजाचा एक गोळा खरोखरच दिसला. मग आकाश ढगाळले आणि तो पुन्हा हाती लागला नाही. तो बिएलाचा धूमकेतू असू शकत नाही, असे पुढील गणिताने ठरवले. दुसऱ्याच एका धूमकेतूची भलत्या निमित्ताने गाठ पडली, असे फार तर म्हणता येईल.

त्या वर्षी दीक्षित पुण्यात शिकत होते. तेरा वर्षांनी, २७ नोव्हेंबर १८८५ रोजी, देवयानीतून पुन्हा उल्कांचा पाऊस पडला आणि त्याचा भर भारतातील मध्यरात्रीच्या सुमारास आला. ताशी हजारो उल्का पडल्याची नोंद जगभरच्या निरीक्षकांनी केली आहे. त्या वेळी दीक्षित बार्शीच्या शाळेत होते. विसाव्या शतकात हा वर्षाव इतका क्षीण झाला की देवयानीकडे डोळे लावून बसणाऱ्याला आता रात्रभरात एखादी उल्का दिसली तरी पुष्कळ.

अशा काळात मराठी वाचकाच्या हातात आकाशाची ओळख करून देणारे पुस्तक पडणे महत्त्वाचे होते. ज्योतिर्विलासात गणिताचा बडेजाव नाही. तारे, नक्षत्रे आणि ग्रह नुसत्या डोळ्यांनी कसे ओळखावेत, हे सांगताना दीक्षितांनी गप्पा मारल्यासारखी भाषा वापरली आहे. नक्षत्र म्हणजे पत्रिकेच्या चौकटीतले नाव नव्हे, ती आकाशात बोट दाखवून सांगता येणारी वस्तू आहे, ही गोष्ट या पुस्तकाने घराघरांत पोहोचवली.

पंचांग खरे की आकाश खरे

मौजेचे पुस्तक लिहिणारे दीक्षित एका कडव्या वादात पुरते उतरले होते. तो वाद होता पंचांगाचा.

महाराष्ट्रातील पंचांगे तेव्हा बहुतांशी ग्रहलाघव या ग्रंथावरून तयार होत. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने हा ग्रंथ शके १४४२, म्हणजे इसवी सन १५२० च्या सुमारास रचला. गणेश दैवज्ञ स्वतः वेध घेणारा ज्योतिषी होता. परंतु त्याच्यामागून साडेतीनशे वर्षे लोक त्याचे गणित करीत राहिले, वेध मात्र कोणी घेईना. परिणामी ग्रहणाची पंचांगातील वेळ आणि आकाशातील वेळ यांत फरक पडू लागला. ग्रह पंचांगात एके ठिकाणी आणि आकाशात दुसरीकडे दिसू लागले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे सुधारलेले पंचांग काढले आणि आबासाहेब पटवर्धन यांच्या पाठिंब्यामुळे ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाऊ लागले.

विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित हे याच्याही एक पाऊल पुढे गेले. त्यांचे म्हणणे असे की वर्षाचा आरंभच चुकला आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्याप्रमाणे संथपणे डुलत असल्याने संपातबिंदू ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर दर बहात्तर वर्षांनी सुमारे एक अंश मागे सरकतो. जुने पंचांग ताऱ्यांना धरून चालते, तर ऋतू संपाताला धरून चालतात. त्यामुळे सण हळूहळू आपापल्या ऋतूंपासून दूर जातात. संपात धरून केलेल्या पंचांगाला सायन पंचांग म्हणतात आणि दीक्षित त्याचे निष्ठावंत पुरस्कर्ते होते.

हा वाद केवळ पंडितांचा वाटत असेल, तर पुन्हा चामराजपेटकडे वळावे. या पेठेला लागूनच गवीपुरम आहे आणि तेथे गवी गंगाधरेश्वराचे गुहामंदिर आहे. मकरसंक्रांतीच्या संध्याकाळी मावळतीचे किरण नंदीच्या शिंगांमधून गाभाऱ्यात शिरतात आणि शिवलिंगावर पडतात. ते पाहण्यासाठी हजारो भाविक जमतात. संक्रांत म्हणजे उत्तरायणाचा आरंभ, अशी सर्वांची समजूत. प्रत्यक्षात सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१ किंवा २२ डिसेंबरला. जानेवारीच्या मध्यापर्यंत तो परतीच्या वाटेवर तीन आठवड्यांहून अधिक चाललेला असतो. दक्षिणेकडे जातानाही तो त्याच ठिकाणी मावळून गेलेला असतो, नोव्हेंबरच्या अखेरीस. त्या संध्याकाळची वाट पाहत मात्र कोणी गर्दी करीत नाही.

दीक्षितांच्या बालपणी संक्रांत १२ जानेवारीला येत असे. आता ती १४ किंवा १५ तारखेला येते. एका माणसाच्या आयुष्यात हा फरक जाणवत नाही आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. एकीकडे पिढ्यान्‌पिढ्यांची व्रतवैकल्ये, श्राद्धे आणि मुहूर्त होते, तर दुसरीकडे आकाश होते. दीक्षितांनी कौल आकाशाला दिला. तो देताना त्यांनी धर्म सोडला नाही, उलट शास्त्रकारांनीच दृक्‌प्रत्यय, म्हणजे डोळ्यांना पटणारा मेळ, आवश्यक मानला होता हे जुन्या ग्रंथांतून काढून दाखवले. नेमके हेच प्रतिपक्षाला अडचणीचे ठरले असावे. परंपरा नाकारणाऱ्याला उत्तर देणे सोपे असते, परंपरेचीच वचने समोर ठेवणाऱ्याला कठीण.

कृत्तिकांची साक्ष

दक्षिणा प्राइज कमिटीने पंचांगाच्या इतिहासावर निबंध मागवला, तेव्हा दीक्षितांनी नोकरी सांभाळून त्या विषयाला हात घातला. बार्शीसारख्या गावात बसून हस्तलिखिते मिळवणे, ती तपासणे आणि त्यांतील गणित पुन्हा करून पाहणे हे वर्षानुवर्षांचे काम होते. निबंध पारितोषिकास पात्र ठरला, पण दीक्षित तेवढ्यावर थांबले नाहीत. वाढत वाढत त्याचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास हा मोठा ग्रंथ झाला आणि तो १८९६ साली प्रसिद्ध झाला. वेदकाळापासून एकोणिसाव्या शतकापर्यंतचे ग्रंथ, ग्रंथकार आणि त्यांची गणिते त्यात एकत्र आली आहेत. इतिहासकार मतांचा मागोवा घेतात, दीक्षितांनी मतांबरोबर आकडेही तपासले. या ग्रंथाची खरी किंमत तेथे आहे.

याच काळात शिलालेखांचे अभ्यासक जॉन फेथफुल फ्लीट यांना एका गणितीची गरज होती. गुप्त राजांचे लेख सापडत होते, पण त्यांतील गुप्त संवत् नेमका कधी सुरू झाला याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या स्तंभलेखात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा स्पष्ट उल्लेख आहे. तिथी आणि वार जुळतील असा दिवस शोधायचा होता. दीक्षितांच्या गणितातून उत्तर आले, २१ जून ४८४. त्यातून गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० असा निश्चित होण्यास मोठे बळ मिळाले. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ साली निघाला. भारताच्या प्राचीन इतिहासातील तारखांचा एक खांब अशा रीतीने सोलापूर जिल्ह्यातील एका शाळामास्तराच्या गणितावर उभा राहिला. पुढे मद्रासकडील निवृत्त सनदी अधिकारी रॉबर्ट सेवेल यांच्यासमवेत त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. तोही १८९६ सालचाच.

परंतु दीक्षितांचे नाव सर्वाधिक चर्चिले गेले ते कृत्तिकांमुळे. शतपथ ब्राह्मणात असा उल्लेख आहे की इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत. शेकडो वर्षे हे वाक्य यज्ञविधीच्या संदर्भात पाठ केले जात होते. दीक्षितांनी ते निरीक्षणाची नोंद म्हणून वाचले. आज कृत्तिका ठीक पूर्वेला उगवत नाहीत. महाराष्ट्रातून पाहिले तर त्या पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश उत्तरेला उगवतात. मग त्या ठीक पूर्वेला केव्हा उगवत होत्या? संपातचलनाचे गणित मागे नेले असता इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे हा काळ येतो. १८९५ साली त्यांनी हा निष्कर्ष इंडियन अँटिक्वेरी या संशोधनपत्रिकेत मांडला. दोनच वर्षांपूर्वी लोकमान्य टिळकांचा ओरायन ग्रंथ आणि जर्मन पंडित याकोबी यांचे संशोधन प्रसिद्ध झाले होते. वेदांचा काळ आकाशावरून ठरवण्याच्या प्रयत्नांत ही तिसरी साक्ष दाखल झाली.

ही साक्ष सर्वांनी मान्य केली असे नाही. एका वाक्यावर एवढा काळ ठरवता येणार नाही, ते वाक्य ढोबळ असू शकते, जुन्या काळची स्मृती नंतरच्या ग्रंथात आली असू शकते, असे आक्षेप तेव्हाही घेतले गेले आणि आजही घेतले जातात. त्यांत तथ्य आहे. मात्र भारतीयांनी आकाशाकडे पाहिलेच नाही, त्यांची नक्षत्रे बाबिलोन किंवा चीनमधून उसनी आली, असे ठामपणे सांगणाऱ्या युरोपीय पंडितांना आता केवळ मताने नव्हे, तर गणिताने उत्तर देणे भाग पडले.

१८९७ च्या प्लेगने पुणे हादरले. पुढच्याच वर्षी, २२ जानेवारी १८९८ रोजी, महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. सावलीचा पट्टा विजयदुर्ग, कऱ्हाड आणि जेऊरवरून गेला. ब्रिटिश शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी विजयदुर्गच्या किल्ल्यावर तळ दिला होता, तर पुण्याचे प्राध्यापक कावसजी नायगामवाला जेऊरला दुर्बिणी घेऊन गेले होते. त्यानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षितांचे निधन झाले. त्यांनी वयाची पंचेचाळीस वर्षेही पूर्ण केली नव्हती.

पंचांगाचा वाद त्यांच्या पश्चात चालूच राहिला. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने परिषदा भरल्या, ठराव झाले, पंचांगे मात्र वेगवेगळीच राहिली. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली केंद्र सरकारने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. तिच्या सदस्यांत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर होते. समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवशी, राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचे वर्ष वसंतसंपाताला धरून चालते, म्हणजे ते सायन आहे. आकाशवाणीच्या प्रसारणात आणि सरकारी राजपत्रात तिच्या तारखा देण्याचा निर्णय झाला. सणवार मात्र समितीनेही निरयन गणितावरच ठेवले आणि घराघरांतील भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेत संक्रांत जानेवारीतच राहिली. दीक्षितांना अर्धा विजय मिळाला, तोही एकोणसाठ वर्षांनी. त्यांच्या मराठी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर रा. वि. वैद्य यांनी केले. भारत सरकारने त्याचा पहिला भाग १९६९ साली आणि दुसरा भाग १९८१ साली प्रसिद्ध केला.

दीक्षित गेले त्याच्या पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८९९ मध्ये, साऱ्या जगाचे डोळे सिंह राशीकडे लागले होते. १८३३ आणि १८६६ प्रमाणे तेहतीस वर्षांच्या हिशेबाने उल्कांचा महापूर येणार, असे भाकीत वृत्तपत्रांनी गाजवले होते. लोक रात्रभर जागले आणि आकाश जवळजवळ कोरडेच राहिले. गुरू आणि शनी यांच्या आकर्षणाने धुळीचा पट्टा बाजूला सरकला होता. दोन ज्योतिर्विदांनी ही शक्यता आधी वर्तवली होती, पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते.

उल्कावर्षाव पाहण्यासाठी आज मंडळी शहराबाहेर जातात. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणत आली आहे, बंगळुरूचे निरीक्षकही रात्री गावाबाहेरील मोकळ्या माळावर मुक्काम करतात. डिसेंबरच्या मध्यावर अंधार पडला की कृत्तिकांचा झुबका पूर्वेच्या आकाशात वर आलेला असतो. चामराजपेटच्या गच्चीवरूनही तो शोधता येतो. त्याच्या उगवण्याची जागा पाहायची असेल, तर नोव्हेंबरच्या मध्यावर सूर्य मावळत असतानाच पूर्वेचे क्षितिज मोकळे दिसेल अशी जागा धरून बसावे लागते आणि नजर ठीक पूर्वेपासून जरा डावीकडे ठेवावी लागते.